आगीच्या बाईंचा धडा

शाळेत बाई पुष्कळ होत्या. गणिताच्या बाई, गाण्याच्या बाई, वर्षातला निम्मा काळ रजेवर असणाऱ्या बाई. पण पालकांनी फाटकाशी येऊन "आमच्या पोराला आगीच्या बाईंच्या वर्गात घाला" असा हट्ट धरावा, अशा बाई एकच. सगळी नोकरी त्यांनी दुसरीच्या वर्गावर काढली. बढती आली तेव्हा सरळ नको म्हणाल्या. दुसरीतली पोरं सांगितलेलं ऐकतात, तिसरीत गेली की त्यांना शिंगं फुटतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सांगितलेलं ऐकतात, याचं त्यांना फार कौतुक.

नाव पडलं ते एका धड्यामुळे. त्यांचं शहर फार जुन्या काळी एकदा जळून खाक झालं होतं. पुस्तकाने त्याला अर्धं पान दिलं होतं: आग कुठे लागली, किती पसरली, काय काय गेलं. पोरं ते पोपटासारखं पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरून जायची. बाई नव्याने नोकरीला लागल्या त्या वर्षी एका मुलाने विचारलं, "बाई, मग लोकांनी फोन का नाही केला?" शिक्षकांच्या खोलीत यावर हशा पिकला. बाईंना हसू आलं नाही. एवढ्याशा पोराला अर्ध्या पानात जुना काळ कळावा, ही अपेक्षाच खुळी, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या किराणा दुकानातले रिकामे खोके काखोटीला मारून वर्गात हजर.

तेव्हापासून दरवर्षी वर्गात शहर उभं राहायचं. बुटांच्या खोक्यांची घरं, त्यांवर औषधांच्या खोक्यांचे माळे, मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद की पोराचा हात जेमतेम जावा. कोपऱ्यात पाववाल्याचं दुकान, कारण आग त्याच्या भट्टीतून लागली होती. एका मुलाला बाई वारा करत. त्याने गाल फुगवून फुंकर मारत गल्ल्यांतून पळायचं, आणि तो जाईल तिकडे बाकीच्यांनी लाल-पिवळ्या कागदाच्या ज्वाळा चिकटवत सुटायचं. मग बादल्यांची रांग. नळापासून वर्गापर्यंत पोरं ओळीने उभी राहायची आणि छोट्या बादल्या हातोहात पुढे सरकवायची. बादली शहरापर्यंत पोचेतो निम्मं पाणी सगळ्यांच्या पायांवर. "बघा," बाई म्हणायच्या, "म्हणून विझली नाही आग." हे मात्र पोरं जन्मात विसरत नसत. फरशी पुसणाऱ्या शिपायाच्याही ते चांगलं लक्षात राहायचं.

पण सगळ्यात लाडका खेळ शेवटचा. बाई खिडक्यांचे पडदे ओढून घेत, टेबलावर डस्टर आपटत आणि मोठ्याने म्हणत, "आग आली! सगळी माणसं बाहेर आली! आता?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "एक वस्तू!" मग ज्याने त्याने आपल्या घरातून वाचवायच्या एका वस्तूचं चित्र काढायचं. चित्रं दोरीवर टांगली जायची आणि ती बघायला पालक रजा टाकून यायचे. आपल्या पोराला घरातली कुठली वस्तू मोलाची वाटते, हे कोणाला बघावंसं वाटणार नाही?

माणसं आधीच बाहेर आली आहेत, हे बाईंनी मुद्दाम घातलं होतं. पहिल्या वर्षी ते नव्हतं, तेव्हा आजीला आणू की मांजराला यावरून एक मुलगी मुसमुसायला लागली आणि बघता बघता वर्गभर रडारड झाली. म्हणून बाईंनी नियमच केला. माणसं सगळी सुखरूप बाहेर, त्यांची काळजी नको, आता फक्त वस्तू. पोरांच्या मनावरचं ओझं उतरलं. त्या नियमाचा बाईंना अभिमान होता, आणि का नसावा? पोरांचं मन जपायचं म्हणून केलेला नियम तो.

त्याच धड्यात बाई गाड्यांची गोष्टही सांगायच्या. त्या जुन्या आगीत लोकांनी पेट्या, गाद्या, भांडीकुंडी गाड्यांवर लादली, गाड्या वेशीत एकमेकींत अडकल्या आणि मागची माणसं जागच्या जागी होरपळली. हे त्या इतकं रंगवून सांगत की मागच्या बाकावरचा वांड मुलगाही हूं की चूं करत नसे. आणि लगेच नंतर पडदे ओढून विचारत, आता? वर्षानुवर्षं या दोन गोष्टी त्यांच्याच तोंडून एकामागून एक निघत होत्या. त्या एकमेकींच्या गळ्यावर पाय देऊन उभ्या आहेत, हे ना त्यांना दिसलं, ना रजा टाकून आलेल्या शहाण्या पालकांना.

यंदा वर्गात मुंगी होती. हे नाव तिला पोरांनी ठेवलं, कारण तिचं दप्तर तिच्याहून मोठं होतं आणि ते ती कोणाला उचलू देत नसे. वडील दूर कुठेतरी कामाला, पैसे पाठवायचे तेव्हा पाठवायचे. आई घरी कपडे शिवायची. एका खोलीत आई, मुंगी, नुकतं रांगायला लागलेलं बाळ आणि एक हाताने फिरवायचं शिलाई मशीन. "एक वस्तू"च्या दिवशी बाकीच्यांनी बाहुल्या काढल्या, सायकली काढल्या, एकाने तर टीव्हीचा रिमोट काढला. मुंगीने मशीन काढलं, चाकासकट, सुईसकट.

"मशीनच का ग?" बाईंनी विचारलं.

"ते वाचलं की आई सगळं परत शिवेल," मुंगी म्हणाली.

 बाईंनी चित्राला चांदणी चिकटवली, सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि ते दोरीच्या बरोबर मधोमध टांगलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुंगीच्या घरात आग लागली. वीज गेली होती, इस्त्री चालूच राहिली, आई बाळाला अंघोळ घालत होती तेवढ्यात वीज आली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग पेटला, मग पडदा. आईने बाळाला पोटाशी धरलं, मुंगीच्या दंडाला धरून तिला ओढत अंगणात आणलं आणि बाळ शेजारणीच्या हातात देऊन मागे वळून बघते तो मुंगी नाही. ती आत शिरली होती. आई तिच्यामागे धावली. मुंगी मशीनचं चाक दोन्ही हातांनी धरून ओढत होती आणि वरून पेटता पडदा लोंबत होता. आईने तो हातांनीच खेचून बाजूला केला, पोरीला काखेत मारलं आणि बाहेर आली. मुंगीचे एका बाजूचे केस तेवढे करपले. आईचे दोन्ही पंजे भाजले. बोटं वाचतील, पण त्या बोटांनी सुई धरता येईल का हे आज सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मुंगी शाळेत परत आली तेव्हा बाईंनी तिला मधल्या सुट्टीत जवळ घेतलं. करपलेले केस कापून टाकल्यामुळे तिचं डोकं एका बाजूने भुंडं दिसत होतं.

"वेडाबाई, परत कशाला गेलीस ग आत?"

"सगळी माणसं बाहेर आली होती ना, बाई."

"म्हणजे?"

"मी बघितलं. आई बाहेर, बाळ बाहेर, मी बाहेर. सगळी माणसं बाहेर आली. मग एक वस्तू."

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. मुंगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या मनात काहीतरी डाचत होतं.

"बाई, माझं चुकलं का? मशीन फार जड होतं. मी हलकी वस्तू काढायला हवी होती."

पोरीला एवढंच वाटत होतं, की आपण चित्र चुकीचं काढलं. बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि "नाही ग बाळा, तुझं काही चुकलं नाही" असं काहीबाही पुटपुटल्या. वर्गात बाकीची पोरं डबे उघडत होती. सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलेलं होतं. उद्या यांतल्या कोणाच्या घरी स्वयंपाकघरात भडका उडाला, तर हीही आधी माणसं मोजतील, आणि मग सायकल आणायला आत जातील. बाहुली आणायला जातील. तो गाढव रिमोट आणायला जाईल.

त्या तडक मोठ्या सरांकडे गेल्या. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. पाहुण्यांसमोर बोलायची संधी मिळाली की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. बाई तोंड उघडायच्या आतच ते खुर्चीतून उठले.

"बाई, तुम्हालाच बोलवणार होतो! मुंगीचा सत्कार करतोय आपण. एवढीशी पोर, आईचं मशीन वाचवायला आगीत शिरली! तुमच्या धड्याचा याहून मोठा पुरावा काय हवा? सगळी शाळा, सगळे पालक. आणि यंदापासून 'एक वस्तू' प्रत्येक वर्गाला."

"सर, ती धड्यामुळेच आत गेली."

"तेच तर म्हणतोय मी!"

"तसं नाही सर. जायला नको होतं. माझ्या खेळाने तिला परत पाठवलं."

सरांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी दार लोटून घेतलं. "हे बघा बाई, असलं काही बाहेर बोलू नका. पालक शाळेवर तुटून पडतील. पोरीने धाडस केलं, विषय संपला. तुम्ही दमला आहात. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, मानाने जा."

घरी नवऱ्याने तेच सांगितलं, फक्त चहा पाजून. "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? पोर आहे, विसरेल."

"माझ्या वर्गातलं कोणी काही विसरत नाही," बाई म्हणाल्या. आयुष्यभर ज्याची फुशारकी मारली, ते सांगताना आज त्यांना रडू आलं.

सत्काराच्या आधी मुंगीच्या आईला तरी खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. गल्लीच्या टोकाला ती खोली. भिंतीवर अजून काजळीचे ओघळ होते, खिडकीला पडद्याऐवजी चादर. मशीन कोपऱ्यात होतं, त्याचं लाकूड एका बाजूने कोळशासारखं झालेलं. आई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत, आणि तिची नणंद तिला भात भरवत होती. भरवणं एकीकडे आणि बोलणं एकीकडे.

"दोन तर पोरं. तीसुद्धा हिला हाताशी धरून ठेवता आली नाहीत! एक हात सोडला कशाला पोरीचा? आता बसा आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं खात. माझा भाऊ तिकडे राबतो आणि इकडे ही तऱ्हा."

मुंगीची आई घास चावत राहिली. नणंद ताट घेऊन मोरीकडे गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "खरंच आहे त्यांचं. बाळ देताना हात सुटला माझा. रोज तेच डोळ्यांपुढे येतं." मग तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "पण शाळेने सत्कार ठेवलाय म्हणे हिचा. मी येणार आहे बाई. टाळ्या तेवढ्या तुम्हीच वाजवा माझ्या वाटच्या."

बाईंच्या ओठांवर आलेलं तिथेच अडकलं. या घरात एवढी एकच बरी गोष्ट घडत होती, ती कशी हिसकावून घ्यायची? "या, नक्की या," एवढं म्हणून त्या उठल्या. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांना स्वतःची किळस आली. त्यांच्या चुकीचं माप त्या बाईच्या पदरात पडत होतं, आणि त्या ते बघून, वर आमंत्रण देऊन आल्या होत्या.

सत्काराच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. पुढे पोरं मांडी घालून, मागे पालक उभे. मुंगीला व्यासपीठावर मोठ्या खुर्चीत बसवलं होतं. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. आई पहिल्या रांगेच्या कडेला, नणंद बाळाला घेऊन तिच्या शेजारी. मोठे सर बोलले ते बोललेच. शौर्य, संस्कार, जुन्या शहराची राख आणि नव्या पिढीची उमेद. प्रमाणपत्र हातात नाचवत ते शेवटी म्हणाले, "आणि आता ज्यांनी हे बाळकडू पाजलं, त्या आगीच्या बाई दोन शब्द बोलतील."

बाई माइकपाशी आल्या. काय बोलायचं ते त्यांनी घोकून ठेवलं होतं, गुळमुळीत, कोणाला फारसं लागणार नाही असं. पण आधी एकदा खात्री करून घ्यावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी माइकवर हात आपटला.

"आग आली! सगळी माणसं बाहेर आली! आता?"

"एक वस्तू!"

दुसरीची रांग ओरडणार हे त्यांना ठाऊकच होतं. पण तिसरी ओरडली, चौथी ओरडली, आणि मागून जो आवाज आला तो जाड, मोठ्या माणसांचा होता. मागे उभ्या असलेल्यांत कितीतरी त्यांचेच जुने विद्यार्थी होते. मिशा फुटलेले, कडेवर पोरं घेतलेले. लहानपणीचं काहीतरी अवचित हाती लागावं तसे ते हसत होते. शिपायाने पण आवाज दिला होता. तोही त्यांच्याच वर्गातला.  एवढ्या घरांत बाईंनी हे पेरून ठेवलं होतं.

घोकलेलं सगळं त्या विसरल्या.

"चूक आहे ते," त्या म्हणाल्या. "ऐका. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तुम्हाला, तुमच्या आईबापांना, सगळ्यांना. आगीत परत जायचं नसतं. वस्तूसाठी नाही, कशासाठीच नाही. मुंगी शूर आहे म्हणून आत गेली नाही. ती बाईंचं ऐकते म्हणून गेली. तिला चांदणी दिली होती मी, टाळ्या वाजवल्या होत्या तुम्ही. आणि तिच्या आईचं काही म्हणजे काही चुकलेलं नाही. तिने दोन्ही लेकरं बाहेर आणली होती. तिचा हात सुटला म्हणून पोर गेली नाही. मी पाठवलं होतं तिला."

मोठे सर पुढे सरसावले. "बाई भावनेच्या भरात..."

"भरात नाही सर. झोप उडालीय माझी, पण शुद्धीवर आहे. आता सगळे उठा. आग लागलीय असं समजा आणि बाहेर मैदानात चला. रिकाम्या हाताने. दप्तर, पर्स, फोन, काही घ्यायचं नाही. सर, ते प्रमाणपत्र खाली ठेवा."

आधी कोणी हललं नाही. मग दुसरीची रांग उठली, कारण त्यांना बाईंचं ऐकायची सवय होती. त्यांच्यामागे बाकीची. पालकांत कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, "अहो, पर्समध्ये किल्ल्या आहेत," आणि एक गृहस्थ दारातून फोन घ्यायला मागे वळलेच. त्यांच्या पोटाला दोन्ही हात लावून बाई आडव्या उभ्या राहिल्या. हे त्यांचे विद्यार्थी नव्हते; फार चिडले. "तुमच्या नोकरीचं बघतो मी," म्हणाले. "बघा," बाई म्हणाल्या, "पण बाहेर उभं राहून बघा."

मैदानात उन्हात सगळी गर्दी उभी राहिली, हातांचं काय करायचं ते न कळल्यासारखी. पोरांना मजा वाटत होती, मोठ्यांना राग आला होता. मोठे सर घाम पुसत कोणाकोणाला समजावत होते. आता ही नोकरी मानाने संपत नाही, हे बाईंना दिसत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत होतं. उगाच कशाला नाकारा.

सगळ्यात शेवटी मुंगीची आई बाहेर आली. मुंगीने तिचा कोपर धरला होता. नणंद थोडी मागे राहिली होती आणि पहिल्यांदाच गप्प होती. आई गर्दीतून वाट काढत थेट बाईंसमोर येऊन थांबली. ती ओरडेल, शिव्या देईल, असं बाईंना वाटलं. निदान तसं व्हावं, असं वाटलं. पण तिचा आवाज चढला नाही.

"हे आधी का नाही शिकवलंत, बाई?"

इतक्या वर्षांत पोरांच्या कुठल्याही प्रश्नाला बाई अडल्या नव्हत्या. त्यांनी त्या पट्ट्यांकडे बघितलं आणि नजर तिथेच ठेवली.

"माझ्या लक्षातच आलं नाही हो," त्या म्हणाल्या.